जुन्या बेस गिटारचे वय कसे ठरवावे आणि किंमत कशी काढावी

आपल्या पत्रातील तपशील आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचे विवेचन कोणत्या वाद्याला धरून आहे हे इतरांनाही कळेल. निपाणीतील आपले चुलते ऑर्केस्ट्रात वाजवत असलेली चार तारांची बेस गिटार त्यांच्या पश्चात आपल्याकडे आली आहे. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या वरच्या टोकावर, फेंडर आणि जॅझ बेस अशी नावे आहेत. रंग सनबर्स्ट, म्हणजे मध्ये पिवळसर आणि कडेकडे काळपट होत जाणारा आहे. फ्रेटबोर्डच्या, म्हणजे तारांवर बोटे दाबतात त्या फळीच्या, दोन्ही कडांना पांढरी पट्टी आणि मध्ये मोत्यासारख्या चमकीच्या चौकोनी खुणा आहेत. नॉब तीन आहेत, आणि पाठीमागे चार स्क्रूंनी बसवलेल्या धातूच्या पट्टीवर मोठे एफ अक्षर व २२ ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक कोरलेला आहे. ब्रिजवरचे, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात त्या भागावरचे, झाकण हरवले आहे, एक खुंटी बाकीच्या तिघींहून वेगळी दिसते, आणि ब्रिजकडचा पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारा भाग, कधीतरी बदलला असे घरात सांगतात. चुलत्यांनी ही गिटार पोर्तुगीज काळात गोव्यातून आणली, अशी घरची समजूत आहे. बेळगावात एका दुकानदाराने चाळीस हजार रुपये देऊ केले, इंटरनेटवर मात्र तशाच गिटारसमोर आठ लाखांचा आकडा दिसला, आणि यांतला कोणता खरा मानावा हा आपला प्रश्न आहे.

किंमत वयावर अवलंबून असते हे खरे, पण त्याहूनही अधिक ती वाद्यातले किती भाग मूळचे उरले आहेत यावर अवलंबून असते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच तपासणीतून कळतात. म्हणून ती तपासणी होईपर्यंत गिटारला पॉलिश करू नये, रंग देऊ नये, गंजलेले स्क्रू बदलू नयेत आणि सोल्डरला हात लावू नये. एवढे पाळले तर पुढची कोणतीही वाट बंद होत नाही.

गोव्याच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण ती बाहेरून दिसणाऱ्या खुणांवरूनच तपासता येते. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. फेंडर कंपनीने प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आणि जॅझ बेस १९६० मध्ये बाजारात आणली. पण जॅझ बेसच्या सुरुवातीच्या गिटारींना तीन नॉब नव्हते, तर एकावर एक बसवलेल्या नॉबांच्या दोन जोड्या होत्या, आणि तीन नॉबांची रचना १९६२ च्या सुरुवातीस आली. फ्रेटबोर्डच्या कडेची पट्टी १९६५-६६ च्या सुमारास आणि चौकोनी खुणा १९६६ मध्ये आल्या, त्याआधी गोल ठिपके असत. मोठ्या एफ अक्षराची नेकप्लेट, म्हणजे नेक (गिटारचा लांब दांडा) बॉडीला जोडणारी ती पाठीमागची पट्टी, तर सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने जानेवारी १९६५ मध्ये फेंडर विकत घेतल्यानंतरची आहे. आपण वर्णन केलेली गिटार त्यामुळे पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात असणे शक्य नाही. ती गोव्यातून आली हा भाग मात्र पूर्ण खरा असू शकतो. आपल्याकडे आयातीवर परवान्यांची बंधने होती त्या दशकांत परदेशी वाद्ये बहुधा बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या किंवा आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून येत, आणि गोव्याचे अनेक वादक बोटींवरही वाजवत व इकडच्या ऑर्केस्ट्रांतही. लोंढ्याची रेल्वे आणि अनमोडचा घाट या वाटांनी बेळगावात वाद्ये पोहोचणे अगदी स्वाभाविक होते. चुलत्यांच्या जुन्या सामानात एखादी पावती, कार्यक्रमाचा फोटो किंवा पत्र सापडले तर ते जपून ठेवावे. गिटार हातात असलेला जुना फोटो हा वाद्य कोणत्या अवस्थेत होते याचा उत्तम पुरावा असतो, कारण त्यात पूर्वीचा पिकअप, खुंट्या आणि ब्रिजचे झाकण बऱ्याचदा स्पष्ट दिसते.

आता क्रमांकाविषयी. एफ पट्टीच्या काळातील सहा आकडी क्रमांकांचे जे तक्ते वापरले जातात, त्यांत २,१०,००० ते २,५०,००० हा टप्पा साधारण १९६८ चा धरला जातो. आपला क्रमांक त्यात बसतो, पण तो केवळ पहिला अंदाज आहे. कारखान्यात क्रमांक छापलेल्या पट्ट्या एकत्र ठेवलेल्या असत आणि हाताला येईल ती पट्टी बसवली जाई, त्यामुळे लागोपाठच्या क्रमांकांच्या दोन गिटारींमध्ये काही महिन्यांचे, क्वचित त्याहून अधिक अंतर आढळते. शिवाय चार स्क्रू काढले की पट्टी बदलता येते. आपल्या भागात जमिनीचा व्यवहार करताना एकटा पहाणी उतारा (महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा) पाहून कोणी पैसे मोजत नाही, फेरफार, मोजणी आणि प्रत्यक्ष हद्द एकमेकांशी जुळते का हे पाहतो, आणि नेकप्लेटवरच्या क्रमांकाकडेही तसेच पाहावे. १९७६ च्या उत्तरार्धापासून फेंडरने क्रमांक हेडस्टॉकवर नेला आणि त्यात एस अक्षराने सत्तरचे, ई अक्षराने ऐंशीचे दशक दाखवले, पण तो प्रकार आपल्या गिटारला लागू नाही.

खरी तारीख नेकच्या बुडाशी, बॉडीत बसणाऱ्या भागावर असते आणि ती पाहण्यासाठी नेक सोडवावी लागते. हे काम घरी होऊ शकते, मात्र घाईने करू नये. आधी चारही तारा पूर्ण सैल कराव्यात, कारण सुरात लावलेल्या चार तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० ते ८० किलो असतो. गिटार मऊ कापडावर पालथी ठेवून, स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरने चारही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने सैल करावेत आणि कोणता स्क्रू कोणत्या भोकातला हे लिहून ठेवावे. जुने लॅकर नेक आणि बॉडीच्या सांध्यावर चिकटून बसलेले असते, म्हणून नेक हलवून ओढू नये, सरळ वर उचलावी, नाहीतर सांध्याच्या कडेचा रंग तुटून निघतो. नेक सोडवण्याला आणखी एक कारण आहे. त्या काळातील नेकचा ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवणारी आतली लोखंडी सळई, बुडाकडूनच फिरवावा लागतो, त्यामुळे पूर्वी कोणी नेक वाकल्यावर दुरुस्ती केली असेल तर तिच्या खुणा तिथेच दिसतात.

बुडाशी शाईचा शिक्का दिसला तर तो नीट वाचावा. साठच्या दशकातील शिक्क्यात एक आकडा, महिन्याची तीन इंग्रजी अक्षरे, वर्षाचे दोन आकडे आणि शेवटी एक अक्षर असते. पहिला आकडा दिवसाचा समजून अनेक जण गिटारचा वाढदिवसच ठरवून टाकतात, परंतु तो प्रकाराचा सांकेतिक आकडा आहे, जॅझ बेससाठी सात आणि प्रिसिजनसाठी पाच. शेवटचे अक्षर नेकची रुंदी सांगते. म्हणजे सात, मे, अडुसष्ट असा शिक्का असेल तर ती जॅझ बेसची नेक मे १९६८ मधील आहे एवढाच त्याचा अर्थ, सात तारखेचा त्यात संबंध नाही. नेक तयार झाल्यावर ती बॉडीला काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी लागे, म्हणून गिटार त्या तारखेनंतरची धरावी. शिक्का पुसट झाला असला तर घासू नये किंवा ओला करू नये, तिरप्या उजेडात त्याचे फोटो घ्यावेत.

दुसरा भक्कम पुरावा नॉबखालच्या पॉटवर, म्हणजे नॉब फिरवल्यावर आवाज बदलणाऱ्या विजेच्या भागावर, असतो. नियंत्रणांची धातूची पट्टी उचलली की प्रत्येक पॉटच्या पाठीवर किंवा कडेला आकड्यांचा शिक्का दिसतो. पहिले तीन आकडे उत्पादकाचे असतात, १३७ म्हणजे सीटीएस आणि ३०४ म्हणजे स्टॅकपोल. त्यानंतरचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात, म्हणून १३७६६४१ हा शिक्का असेल तर तो पॉट सीटीएसने १९६६ च्या एकेचाळिसाव्या आठवड्यात बनवला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा फार मोठा साठा घेतला होता आणि तो पुढे काही वर्षे वापरला, त्यामुळे १९६८ किंवा १९६९ च्या अस्सल गिटारमध्येही १९६६ चे पॉट निघतात. पॉट गिटारपेक्षा जुना असणे हा दोष नाही, उलट पॉट नेकपेक्षा बराच नवा असेल तर तो बदललेला आहे. सामान्य नियम असा की, मूळच्या सर्व भागांपैकी सर्वांत उशिराची तारीख ज्याच्यावर आहे, त्याच्या आधी ती गिटार पूर्ण होऊ शकत नाही.

पॉट उघडे असतानाच सोल्डर पाहावे. कारखान्यातले सोल्डर जुने, निस्तेज आणि एकसारखे दिसते, नंतरचे चकचकीत आणि फुगीर असते, शिवाय त्याभोवती फ्लक्सचे, म्हणजे सोल्डर करताना लावतात त्या राळेचे, जळके डाग असतात. साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत आतल्या वायरींवर कापडी वेष्टण असे, नंतर प्लास्टिकचे आले. आपल्या गिटारमध्ये एका पिकअपच्या वायरी कापडी आणि दुसऱ्याच्या प्लास्टिकच्या निघाल्या, तर घरातली पिकअप बदलल्याची आठवण खरी ठरते. पिकअप काढून पाहिल्यास १९६४ पूर्वीचा तळ काळा आणि त्यानंतरचा राखाडी असतो, आणि काहींच्या तळावर तारखेचा शिक्काही असतो. काढलेला जुना पिकअप चालत नसला तरी तो कुठे आहे याचा शोध अवश्य घ्यावा. त्या काळी दुरुस्ती करणारे निकामी भाग गिऱ्हाइकाला परत देत असत, तो एखाद्या पत्र्याच्या डब्यात तारांच्या जुन्या सेटसोबत पडलेला असू शकतो. तुटलेल्या वेटोळ्याचा मूळ पिकअप पुन्हा गुंडाळून वापरता येतो, आणि गिटारसोबत तो असल्यास किमतीत जाणवण्याइतका फरक पडतो. वेगळ्या दिसणाऱ्या खुंटीबद्दलही हेच म्हणतो, मात्र तिचे महत्त्व पिकअपच्या मानाने कमी.

रंगाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यावर मी मुद्दाम थांबतो. फेंडर १९६८ च्या सुमारापर्यंत नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरत असे आणि त्यानंतर जाड पॉलिएस्टरकडे वळली, म्हणजे आपली गिटार नेमकी त्या बदलाच्या उंबरठ्यावरची आहे. लॅकर पातळ असते, हवा-पाण्याने त्याला बारीक भेगा पडतात, हाताच्या कोपराखाली ते झिजून लाकूड दिसू लागते. पॉलिएस्टर काचेसारखे जाड राहते आणि झिजण्याऐवजी त्याचे तुकडे उडतात. हेडस्टॉकचा दर्शनी भाग नाव असलेल्या स्टिकरमुळे पुढेही लॅकरनेच रंगवला जाई, म्हणून बाकी नेकपेक्षा तो अधिक पिवळा पडलेला असणे हे त्या काळाचे लक्षण आहे, नकलीपणाचे नव्हे. आपण बॉडी कोपराजवळ झिजल्याचे लिहिले आहे, आणि ती झीज वाईट वाटून घेण्यासारखी नाही, कारण बहुतेक खरेदीदार ती मूळ रंगाची साक्ष मानतात. जुन्या वाद्यांच्या बाजारात सर्वत्र मान्य असलेला ठोकताळा असा आहे की, पुन्हा रंगवलेल्या गिटारची किंमत मूळ रंगाच्या गिटारच्या साधारण निम्मी होते, मग नवा रंग कितीही सुबक असो. दुकानात फर्निचरसारखे पॉलिश करून चमकवून देतो असे कोणी म्हटले तर नम्रपणे नकार द्यावा.

बॉडी पूर्वी रंगवली गेली आहे का, हे पाहण्याचे एक सोपे साधन प्रत्येक पेठेत मिळते. नोटा तपासण्यासाठी वापरतात ती अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च घ्यावी आणि रात्री खोलीत अंधार करून गिटारवर फिरवावी. जुने लॅकर हिरवट-पिवळे चमकते, नंतर मारलेला थर काळसर किंवा जांभळट दिसतो, आणि एखाद्या ठिकाणचे डागडुजीचे पॅच तर लगेच उठून दिसतात. नेक बसते त्या बॉडीतील खाचेत जिथे रंगवताना बॉडी धरायला पट्टी लावलेली असे, तिथे रंग नसलेला भाग दिसणेही चांगले लक्षण आहे. सबंध खाच एकसारखी नव्या रंगाने माखलेली असेल तर संशय घ्यावा.

हे सगळे तपासण्याआधी ती फेंडरच आहे ना, हा प्रश्न विचारायला हवा, आणि तो मी आपल्या चुलत्यांविषयी पूर्ण आदर ठेवून विचारतो. सत्तरच्या दशकात जपानमध्ये याच आकाराच्या अनेक गिटारी बनल्या, इबानेझ आणि ग्रेको ही त्यांतली परिचित नावे, आणि त्यांपैकी कित्येकांवर नंतर फेंडरचे स्टिकर चिकटवले गेले. आपल्याकडे कोलकात्याच्या गिवसन आणि हॉबनर गिटारीही ऑर्केस्ट्रांतून वाजत आल्या आहेत. बॉडीच्या पोकळीत प्लायवुडचे थर दिसले, पॉट आकाराने लहान निघाले किंवा नेकच्या बुडाशी जपानी अक्षरे सापडली, तर ती नक्कल किंवा जपानी बनावटीची आहे. फेंडरने स्वतःही १९८२ पासून जपानमध्ये जुन्या धर्तीच्या गिटारी काढल्या, त्यांच्यावर मेड इन जपान असे कुठेतरी लिहिलेले असते. जपानी गिटार निघाली म्हणून निराश होण्याचे कारण नाही, सत्तरच्या दशकातील चांगल्या इबानेझला आज मान आहे आणि तिचे वय काढणे तर अधिक सोपे, कारण १९७५ च्या सुमारापासून तिच्या क्रमांकाचे पहिले अक्षर महिना आणि पुढचे दोन आकडे वर्ष सांगतात. सी ७८ म्हणजे मार्च १९७८.

आता किंमत. इंटरनेटवर दिसलेला आठ लाखांचा आकडा हा विकणाऱ्याने मागितलेला आहे, खरेदीदाराने दिलेला नाही. रिव्हर्बसारख्या वाद्यांच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या किमती वेगळ्या पाहता येतात आणि तुलना फक्त त्यांच्याशी करावी. ती करताना वर्ष, रंग आणि मूळ भाग या तिन्ही बाबी जुळणाऱ्या गिटारीच निवडाव्यात, कारण दोन जोड्यांच्या नॉबांची साठ-बासष्टची जॅझ बेस आणि सत्तरच्या दशकातली जॅझ बेस यांच्या किमतींत काही पटींचे अंतर असते, आणि अडुसष्टची गिटार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. व्यापारी पुढे विकण्यासाठी घेतो, त्यामुळे तो साधारणपणे अंतिम किमतीच्या दोन तृतीयांशाच्या आसपासच देतो आणि त्यात गैर काही नाही. माझे मत स्पष्ट सांगतो: नेक, बॉडी आणि रंग मूळचे ठरले तर चाळीस हजार ही फारच कमी किंमत आहे आणि ती स्वीकारू नये. बदललेला पिकअप, वेगळी खुंटी आणि हरवलेले झाकण यांमुळे आठ लाखांची अपेक्षाही करू नये. गिटार जपानी किंवा भारतीय ठरली, तर मात्र चाळीस हजारांची ती बोली प्रामाणिक, किंबहुना उदार असू शकते. या कारणासाठीच नेक सोडवून पाहण्याआधी कोणालाही होकार देऊ नये.

परदेशात विकण्याचा विचार असेल तर फ्रेटबोर्डचे लाकूड आड येऊ शकते. फेंडर साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्राझिलियन रोजवूड वापरत असे आणि नंतर भारतीय रोजवूडकडे वळली, म्हणजे खानापूरच्या जंगलात वाढते त्या आपल्या शिसवीकडे. ब्राझिलियन रोजवूड १९९२ पासून सायटीस कराराच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याची गिटार योग्य प्रमाणपत्राशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. भारतीय शिसवीवर २०१७ मध्ये निर्बंध आले होते, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यांतून सूट आहे. अडुसष्टच्या गिटारवर शिसवी असण्याची शक्यता अधिक, परंतु फोटोवरून ठरवू नये आणि खरेदीदाराला लेखी काही सांगण्याआधी लाकडाचा अनुभव असलेल्या माणसाला प्रत्यक्ष दाखवावे. मिरजेत तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांचे हात लाकडाच्या बाबतीत तयार असतात.

तोवर गिटार जपण्याविषयी थोडेसे. आपल्याकडचा पावसाळा जुन्या लॅकरला आणि लोखंडाला मानवत नाही. तारा अर्ध्या-एक सुराने सैल ठेवून गिटार केसमध्ये, भिंतीला न टेकवता, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. दमट वाटली म्हणून उन्हात ठेवू नये, त्याने नेक वाकते आणि रंग सुटतो. पुसायला कोरडे सुती कापड पुरते, फर्निचरचे किंवा गाडीचे पॉलिश वापरू नये.

नेक उचलल्यावर पुढील फोटो पाठवावेत: नेकच्या बुडाचा जवळून, बॉडीतील खाचेचा, तिन्ही पॉटच्या पाठीचा, दोन्ही पिकअपच्या तळाचा, हेडस्टॉकच्या दोन्ही बाजूंचा आणि अतिनील प्रकाशात पूर्ण बॉडीचा. फोटो दिवसा खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय घ्यावेत. फक्त शेवटचा अंधारात घ्यावा. ते पाहिल्यावर वर्ष आणि किमतीची एक विश्वासार्ह मर्यादा मी लिहून देईन, आणि ती दुकानदारासमोर ठेवायला आपल्याला काही अडचण राहणार नाही.